चौदाव्या रकान्यातले तीनशे शब्द

११ जानेवारी

पास झाले. यादीत माझा नंबर सापडेपर्यंत तीनदा भलत्याच ओळीवर बोट ठेवलं. सकाळच्या पाळीत ऐंशी माणसांच्या शिरा शोधते मी, आणि स्वतःचा नंबर सापडेना.

वैद्यकीय महाविद्यालयात बारा जागा रुग्णालयात पाच वर्षांपेक्षा जास्त काम केलेल्यांसाठी असतात. आधी लेखी परीक्षा, मग अर्ज, मग मुलाखत. रक्ताचे नमुने घ्यायला लागून मला आठ वर्षं झाली, वय एकतीस. पदवीला निदान पन्नास टक्के लागतात, माझे साडेएकावन्न आहेत. म्हणजे दारात जेमतेम पाय मावतो.

आईला काही सांगावंच लागलं नाही. आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटर होती ती. मी "आई" एवढंच म्हटलं आणि ती म्हणाली, "झालीस ना पास?"

मुलाखतीपर्यंत रोजचं इथे लिहायचं ठरवलंय. रोज जमणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे.

१४ जानेवारी

अर्ज आणला. सोळा रकाने. तेरा पटापट भरले, चौदाव्यापाशी घोडं अडलं.

"आपल्यावर शिक्षण घेताना कधी शिस्तभंगाची कारवाई झाली होती काय? असल्यास तीनशे शब्दांत खुलासा करावा."

लपवता येणार नाही. गुणपत्रिकेवर शेरा आहे: एक वर्ष निलंबित. म्हणजे लिहायचंच आहे, प्रश्न फक्त कसं लिहायचं एवढाच.

झालं ते असं. दुसऱ्या वर्षी प्रयोगाची वही द्यायची होती. यीस्टची वाढ, तीन महिने, दर दोन दिवसांनी मोजमाप. मी निम्म्याहून जास्त दिवस गेलेच नव्हते. मुंगीने तिची वही दिली, मी उतरवली. मुंगी म्हणजे वसतिगृहातली माझ्या खोलीतली सोबतीण. अक्षर इतकं बारीक की सगळे तिला मुंगीच म्हणत. तिने एका ठिकाणी ६३ च्या जागी ३६ लिहिलं होतं. मी तेही इमानेइतबारे उतरवलं आणि पकडले गेले. दोघींची चौकशी झाली. दोघींचं एक वर्ष गेलं. मी परत आले, पदवी पूर्ण केली. ती परत आली नाही.

एवढंच. तीनशे शब्द सहज होतील.

१७ जानेवारी

पहिला खर्डा झाला. बाबांच्या आजारपणापासून सुरुवात केली, कारण त्या वर्षी घरात तेच चाललं होतं आणि माझं लक्ष अभ्यासात नव्हतं, हे खरं आहे.

आईला वाचून दाखवला. तिने डोळे मिटून ऐकला, पूर्वी फोन ऐकायची तसा. मग म्हणाली, "बाबांचं ऑपरेशन मार्चअखेर झालं. तुमचं ते वहीचं प्रकरण जानेवारीतलं."

मी म्हटलं, आजार आधीपासून असणारच की अंगात. त्यावर ती उठून कपडे वाळत घालायला गेली. आईचं हल्ली असंच होतं, मध्येच उठते.

खर्ड्यात "त्या काळात घरात गंभीर आजारपण होतं" असं केलंय. "काळ" म्हटलं की महिन्यांची भानगड उरत नाही.

२२ जानेवारी

कामावर आज डोक्याला ताप. सकाळच्या गर्दीत दोन पेशंटच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाल्यासारखं वाटलं. दोघांची आडनावं जवळजवळ सारखी. खात्री नव्हती. नळ्या पुढे गेल्या असत्या तर कोणाला पत्ताही लागला नसता, आणि कदाचित त्या बरोबरही असतील. दोन्ही फेकल्या, वहीत तसं लिहिलं आणि दोघांना परत बोलावलं. त्यातले एक निवृत्त गणिताचे शिक्षक, दोन जिने चढून पुन्हा आले. चिडलेच होते. मी सांगितलं, चूक माझी आहे, अहवाल चुकीचा जाण्यापेक्षा पुन्हा सुई टोचलेली बरी. "तुमची चूक आणि टोचायचं मला," असं म्हणत त्यांनी दुसरा हात पुढे केला.

दुपार त्यातच गेली. चौदाव्या रकान्याला हात लागला नाही.

२५ जानेवारी

दुसरा खर्डा. यात बाबांना मागे नेलं आणि वयाला पुढे आणलं. "अपरिपक्व वय" हा शब्द चांगला आहे. "परस्पर संमतीने वहीची देवाणघेवाण" असंही लिहिलं.

शिफारसपत्र मॅडम देणार आहेत. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, चोवीस वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेल्या. कोणी तोंडावर स्तुती केली तर त्या पाठीमागे कोण उभं आहे ते बघतात. त्यांना खर्डा दाखवला. त्यांनी पेन्सिलीने काहीतरी मोजलं.

"दोनशे ऐंशी शब्द आहेत," त्या म्हणाल्या. "यात तू काय केलंस ते नऊ शब्दांत आहे. बाकीचं हवामान."

मग विचारलं, ही जी दुसरी मुलगी आहे, तिची संमती म्हणजे काय? मी सांगितलं, तिने वही दिली. "दिली ना?" "हो, स्वतःच्या हाताने दिली."

हे खरंच आहे. तिने माझ्या हातात दिली.

२६ जानेवारी

काल इथे लिहिलंय, ते खरंच आहे.

३० जानेवारी

काही लिहावंसं वाटत नाही. अर्जाची मुदत १५ फेब्रुवारी.

१ फेब्रुवारी

तिने वही दिली ती विभागात जमा करायला. बहिणीचं लग्न होतं, तिला चार दिवस आधी गावी जायचं होतं. बॅग खांद्याला लावून दारात उभी होती. "सोमवारी आठवणीने दे गं, प्रॅक्टिकलच्या मॅडम उशीर चालवून घेत नाहीत," म्हणाली. मी मान हलवली. सोमवारपर्यंत माझ्याकडे दोन दिवस होते.

चौकशीला आम्हाला वेगवेगळं बोलावलं. आधी मला. तीन जण होते. मधल्या सरांनी विचारलं, "तिने वही तुला दिली?" मी म्हटलं, "हो." त्यांनी विचारलं, "स्वतःहून?" मी म्हटलं, "हो."

दोन्ही उत्तरं खरी होती. दोन्हींचा अर्थ खोटा होता आणि तो मला तेव्हा तिथेच कळला होता. ते पुढचा प्रश्न विचारतील आणि मग मी नीट सांगेन, असं मनाशी म्हणत होते. त्यांनी विचारला नाही. माझा जीव भांड्यात पडला.

अकरा वर्षांत हे पहिल्यांदा लिहिलं. दोन जणींना मिळून शिक्षा झाली की ती निम्मी वाटते, असं मला तेव्हा वाटलं असावं. वाटलंच होतं. असावं कशाला.

४ फेब्रुवारी

मुंगीचा पत्ता शोधला. अवघड नव्हतंच, म्हणजे इतकी वर्षं शोधला नव्हता एवढंच. इथून तीन तासांच्या अंतरावर एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. रविवारी दुकान अर्धा दिवस उघडं असतं.

तिला विचारून येते, की अर्जात तिचा उल्लेख केलेला चालेल का. विचारायलाच हवं, शिष्टाचार म्हणून.

८ फेब्रुवारी

गेले होते.

दुकान अरुंद आहे. पुढे काचेचं कपाट, मागे पडद्याआड भिंग घासायचं यंत्र. मुंगी पडद्यामागून हात पुसत आली. केस कानाजवळ पांढरे झालेत. मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही. "ये," म्हणाली, आणि गिऱ्हाइकांसाठीचं स्टूल पुढे केलं. एक आजोबा चष्म्याची काडी सैल झाली म्हणून थांबले होते. ती त्यांचं काम करत होती आणि मी बोलत होते.

नोकरीचं सांगितलं, अर्जाचं सांगितलं. मग रकान्याचं. "तुझा उल्लेख येईल त्यात, म्हणून म्हटलं विचारावं."

तिने काडी उन्हाकडे धरून पाहिली. "काय उल्लेख?"

"हेच. वही."

"काय लिहिणार आहेस?"

तिने आजोबांच्या नाकावर चष्मा ठेवला, मागे सरकून सरळ आहे का बघितलं, पुन्हा काढला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या दिवशी तुला आधी आत बोलावलं होतं. त्यांनी तुला माझ्याबद्दल काय विचारलं?"

"तू वही दिलीस का, असं."

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

"जमा करायला दिली, असं?"

"नाही. नुसतं हो."

आजोबा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मुंगीने स्क्रू फिरवून पक्का केला, कापडाने काचा पुसल्या, चष्मा डबीत ठेवून आजोबांच्या हातात दिला आणि त्यांना पायरीपर्यंत सोडून आली. मग काउंटरच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

"मी त्यांना सगळं सांगितलं होतं," ती म्हणाली. "लग्नाचं, सोमवारचं, सगळं. बोलताना मला रडू आलं, आणि रडू आलं की माझं बोलणं तुटतं, तुला माहीत आहे. सर म्हणाले, बाई, तुमची मैत्रीण तर वेगळं सांगते. मला वाटलं ते मला तपासायला म्हणतायत. अकरा वर्षं मी असंच समजत होते, की मला नीट बोलता आलं नाही म्हणून त्यांना पटलं नाही. आरशासमोर उभी राहून कितीदा ते पुन्हा सांगितलंय मी. न रडता."

मी म्हटलं, "मला माफ कर."

ती म्हणाली, "आत्ता नको."

मग तिनेच विचारलं, "अर्जात लिहायला परवानगी हवीय ना तुला?" मी हो म्हटलं. मला वाटतं मी खरंच तेवढ्यासाठी गेले होते. "अर्जात लिही नाहीतर नको लिहू, ते तुझं आणि त्यांचं. कॉलेजला लिही. तिथे माझ्या नावापुढे काय लिहिलंय ते मला पाठ आहे. गैरप्रकारास साहाय्य. ते खोडायला सांग."

वसतिगृहाची जागा गेल्यावर तिच्या बाबांनी तिला परत पाठवलं नाही, हे तिने निघताना सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही. ते एका शाळेत कारकून होते. आजही नातेवाइकांत पुतणे-भाच्यांच्या परीक्षेचा विषय निघाला की ते उठून आत जातात.

९ फेब्रुवारी

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली.

"त्या वर्षी तू घरी आलीस तेव्हा आठ दिवस रडत होतीस," ती म्हणाली. "वर्ष फुकट गेलं, लोक काय म्हणतील. मुंगीचं नाव एकदाही नाही. सुट्टीत महिनाभर आपल्याकडे राहून गेलेली पोर. मी एकदाच विचारलं, तिने खरंच दिली होती का गं वही? तू हो म्हणालीस. तो हो मी ओळखला होता."

मी विचारलं, मग तेव्हाच का बोलली नाहीस?

"बाबांचं ऑपरेशन होतं," म्हणाली. चार शेंगा सोलून म्हणाली, "नाही. ते मार्चमध्ये. जानेवारीत काहीच नव्हतं."

१२ फेब्रुवारी

कामावरून अर्धी रजा काढून जुन्या कॉलेजात गेले. कार्यालयातल्या गृहस्थांना आधी वाटलं, मला गुणपत्रिकेची नक्कल हवीय. अकरा वर्षांपूर्वीची चौकशी म्हटल्यावर ते म्हणाले, बाई, त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधायलाच आठवडा लागेल. प्राचार्या नव्या आहेत, तरुण. त्यांनी माझं पत्र दोनदा वाचलं आणि दार लावून घेतलं.

त्या म्हणाल्या, हे मी नियामक समितीपुढे ठेवीन, पण मग तुमचीही फाइल उघडेल. चौकशी समितीची दिशाभूल, हा वेगळा आरोप होतो. काय ठरेल ते मला सांगता येत नाही. घरी जाऊन विचार करा हवं तर.

मी म्हटलं, घरी जाऊन विचार केला तर मी परत येणार नाही. सही तिथेच केली. साक्षीदार म्हणून त्यांनी कार्यालयातल्या गृहस्थांनाच बोलावलं. सही करताना ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच त्यांच्या किल्लीचा घोळ केला होता.

बाहेर आल्यावर मग सुचलं. साडेएकावन्न टक्केही गेले तर?

१४ फेब्रुवारी

चौदावा रकाना भरला. शब्द मोजले, शहात्तर. वही जमा करायला दिलेली होती. मी ती उतरवली. विचारल्यावर अर्धं सांगितलं, त्यामुळे दुसऱ्या मुलीला शिक्षा झाली. कॉलेजला पत्र दिलं आहे, प्रत सोबत.

मॅडमना दाखवला. या वेळी त्यांनी काही मोजलं नाही. शिफारसपत्र बंद पाकिटात दिलं आणि म्हणाल्या, "यात जानेवारीतल्या त्या दोन नळ्यांचंही लिहिलंय." ते कशाला, मी विचारलं, त्या दिवशी तर माझ्यामुळे सगळी दुपार वाया गेली होती. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोकं घातलं.

११ मार्च

महिनाभर काहीच नाही. कॉलेजकडून नाही, मुलाखतीचंही नाही. मुंगीला एक पत्र लिहिलं आणि फाडलं. माफीचं पत्र लिहायला बसलं की तिसऱ्या ओळीपासून मी कशी आहे तेच सुरू होतं.

२४ मार्च

मुलाखत झाली. तीन जण होते. खोलीची मांडणी अगदी त्या चौकशीसारखीच होती. लांब टेबल, एकटी खुर्ची. मध्ये एक शल्यचिकित्सक बाई होत्या, केस आखूड, आवाज हळू. पहिल्यांदा गुण. इतके कमी कसे? मी सांगितलं, अभ्यास केला नव्हता. परत आल्यावर तोंड लपवत वर्गात बसायचे आणि तास संपला की पळायचे, कोणाला काही विचारायचे नाही. लेखी परीक्षेचा अभ्यास मात्र तीन वर्षं केला.

मग त्या बाईंनी माझ्या पत्राची प्रत वर धरली.

"हे आम्ही मागितलं नव्हतं. हे नसतं तर आम्हाला कधी कळलंही नसतं."

"हो."

"मग का जोडलंत?"

मी बसमध्ये एक चांगलं उत्तर तयार केलं होतं. ते आठवेना. मी म्हटलं, हे तुमच्यासाठी लिहिलेलं नाही. कॉलेजसाठी लिहिलंय. तुम्हाला प्रत दिली, कारण तिथे एक आणि इथे एक असं लिहिणं मला जमेना.

दुसऱ्या टोकाचे गृहस्थ, बहुधा शरीररचनेचे प्राध्यापक, म्हणाले, "अकरा वर्षं जमलं की तुम्हाला."

मी म्हटलं, "जमलं."

डॉक्टर का व्हायचंय हे कोणी विचारलंच नाही. त्याचं उत्तर मी आठ दिवस पाठ केलं होतं.

९ एप्रिल

बारा नावांत माझं नाही. प्रतीक्षायादीत दुसरी. आई म्हणाली, दुसरी म्हणजे चांगलंच की. मी सकाळच्या पाळीला गेले. लोक बाह्या वर करून रांगेत बसलेच होते, त्यांना माझ्या यादीशी काय.

२० एप्रिल

कॉलेजचं पत्र आलं. समितीने माझी पदवी कायम ठेवली आहे, पण माझ्या नोंदीत "चौकशीत दिशाभूल" हा शेरा वाढवला आहे. तो आता कायमचा. मुंगीच्या नावापुढची नोंद रद्द केली, तिला तसं स्वतंत्र पत्र पाठवलं आहे, आणि तिला पदवी पूर्ण करायची असेल तर दुसऱ्या वर्षापासून प्रवेश खुला आहे.

पत्र वाचून बरं वाटलं. मग वाटलं, एकतिसाव्या वर्षी, दुकान सोडून, दुसऱ्या वर्षापासून? आणि तरी बरं वाटणं थांबलं नाही. त्याची लाज वाटली.

६ मे

दुपारी दोन वाजता फोन आला. दोघांनी जागा सोडल्या. सोमवारपर्यंत कागदपत्रं घेऊन या. मी हातमोजे न काढताच फोन कानाला लावला होता.

बोलणाऱ्या बाई कार्यालयातल्याच होत्या, पण मोकळ्या स्वभावाच्या. म्हणाल्या, तुमच्या त्या पत्राची समितीत खूप चर्चा झाली हो, मुलाखतीतल्या सर्जन बाईंनी तुमची बाजू लावून धरली. मी थँक्यू म्हटलं.

मॅडमनी सगळ्यांसमोर एकदाच पाठीवर हात ठेवला. आईने फोनवर मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

संध्याकाळी बसमध्ये लक्षात आलं. तेव्हा अर्धं सांगून मी वाचले, आता पूर्ण सांगून मला जागा मिळाली. दोन्ही वेळा फायदा माझाच. मुंगीला काय मिळालं? एक कागद.

१० मे

शुक्रवारी कागदपत्रं दिली. आज मुंगीचा फोन आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी आईला खुणेनेच गप्प बस म्हटलं.

ती म्हणाली, कॉलेजचं पत्र आलं, सांगावंसं वाटलं. आवाज अगदी साधा होता, दुकानातून बोलत असावी, मागे यंत्राची घरघर होती. मी विचारलं, परत प्रवेश घेणार आहेस का? म्हणाली, बघू, संध्याकाळचे वर्ग असतात का विचारलंय.

मग म्हणाली, "बाबांना दिलं वाचायला. त्यांनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग मला म्हणाले, तू हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मग?"

"मी म्हटलं, बाबा, सांगितलं होतं."

यंत्र थांबलं होतं. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी काहीतरी म्हणायला हवं होतं आणि जे जे सुचत होतं, ते सगळं माझ्याबद्दल होतं.

ती म्हणाली, "मग ते माझ्याजवळ येऊन बसले. काही बोलले नाहीत. पण उठून आत गेले नाहीत."

मग तिनेच विचारलं, "तुझं काय झालं?"

"मिळाली जागा."

फोन कट झाला असं वाटून मी हॅलो म्हटलं.

"आहे," ती म्हणाली. "बरं झालं." आणि मग, "ठेवते, गिऱ्हाईक आलंय."

रविवारी दुकान अर्धा दिवस उघडं असतं. आज रविवार, आणि तिने फोन केला तेव्हा पाच वाजले होते, मग गिऱ्हाईक कुठलं? मी आईला विचारलं, तू ऐकलंस ना, कसा वाटला तुला तिचा आवाज? आई म्हणाली, ते मी कशी सांगू, फोन तुला आला होता.